रात्रपाळीला किती जणी?

नव्या आयसीयूत रुजू झाले की व्हेंटिलेटर कुठला, मॉनिटर कुठला हे मी विचारत नाही. ते दोन दिवसांत हाताला कळतं. मी विचारते, "रात्री किती जणी असता?" त्या एका उत्तरात विभागाची निम्मी कुंडली कळते.

हे शहाणपण मला उशिरा आलं. परिचारिका होऊन चौदा वर्षं झाली. शिकले आणि पहिली पाच वर्षं राबले ती भारतात. मग इंग्लंड, आणि तिथे असतानाच एका प्रशिक्षण पथकाबरोबर आठ महिने आफ्रिकेतल्या मलावीत. तिन्हीकडे माझा हुद्दा एकच, पण तीन वेगळे पेशे वाटावेत इतकं वेगळं काम.

पहिल्या ठिकाणी रात्री माझ्याकडे तीन रुग्ण असायचे, त्यातले दोन तरी व्हेंटिलेटरवर. कुणी रजेवर असली की चार. तिथे माझे कान तयार झाले. पाठमोरी उभी राहून एकाला इंजेक्शन देताना दुसऱ्याची श्वासाची ट्यूब कफानं भरत आलीय हे नुसत्या घरघरीवरून ओळखायचे, आणि सक्शनला धावायचे. पण तासातासाला भरायचा तक्ता? पहाटे दोन ते पाचचे रकाने पाच वाजता एकदम भरले जायचे. नाडी आणि रक्तदाब मॉनिटरच्या मेमरीतून मिळायचे. व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णापुढे श्वासाच्या रकान्यात 20 नाहीतर 22. तो आकडा कुणी मोजलेला नसायचा. लिहिताना लाज वाटते, पण या कामातल्या कुणाला हे नवं नाही.

इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी आधी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, आणि शेवटी ऑस्की नावाचं प्रात्यक्षिक. पाच वर्षं आयसीयू केलेली मी, मला वाटलं हे पोरखेळ आहेत. तयारी करून घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला श्वास मोजताना अडवलं. मी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं होतं. "पूर्ण साठ सेकंद," त्या म्हणाल्या. "आणि मोजतोय हे रुग्णाला कळू देऊ नका. कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो." मी मनातल्या मनात हसले. साठ सेकंद! तीन रुग्ण असलेल्या बाईला साठ सेकंद कोण देतं?

पहिल्या रात्रपाळीला उत्तर मिळालं. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका, हा तिथला नेम. मला एकच खाट दिली होती. वीस मिनिटांत माझं सगळं आटोपलं आणि हात रिकामे झाले. सवयीनं शेजारच्या खाटेशी मदतीला गेले, तर पाळीच्या प्रमुख बाई मागून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची खाट सोडायची असेल तर आधी कुणाला तरी उभं करा." मला ते ओरडल्यासारखंच लागलं. पुढे महिनाभर मी त्या खुर्चीत अपराध्यासारखी बसायचे.

एकाच माणसाकडे 12 तास पाहायचं म्हणजे काय, हे हळूहळू उमगलं. दर दोन-चार तासांनी तोंड स्वच्छ करणं, कूस बदलणं हे तर होतंच. पण झोपेचं औषध रोज सकाळी थांबवून माणूस कितपत जागा होतो ते बघायचं, आणि तो भ्रमात आहे का हे तपासायचं. एक एक अक्षर म्हणायचं आणि 'ए' आलं की त्यानं माझा हात दाबायचा. सगळ्या अक्षरांना हात दाबणारे रुग्ण असतात, एकालाही न दाबणारे असतात. पूर्वीच्या ठिकाणी आम्ही दोघांनाही 'शांत आहे' असं लिहिलं असतं. शिवाय रोजनिशी. ही डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडून आलेली पद्धत: परिचारिका बेशुद्ध माणसासाठी रोज चार ओळी लिहितात. "आज तुमची मुलगी आली होती. बाहेर पाऊस होता. तुम्ही दुपारी डोळे उघडले." बरा होऊन गेलेल्याला ते दिवस आठवत नाहीत, किंवा भलतंसलतंच आठवतं, म्हणून ही वही त्याच्या हाती देतात. मला आधी हे लाड वाटले होते. नंतर एक माणूस वही परत घेऊन आला आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाला, या दिवशी मला तुम्ही सगळे मिळून कोंडून ठेवलंय असं वाटत होतं. त्या पानावर माझं अक्षर होतं, आणि लिहिलं होतं की रात्र निवांत गेली.

अमेरिकेत काही वर्षं काढून आलेली एक सहकारी होती. तिला इथे दोन गोष्टींचं नवल वाटायचं. तिकडे व्हेंटिलेटर सांभाळायला रेस्पिरेटरी थेरपिस्ट नावाचा वेगळा माणूस असतो. परिचारिकेकडे साधारण दोन रुग्ण, पण श्वासाच्या यंत्राचं बरंचसं काम त्याच्याकडे. इंग्लंडमध्ये ते पद नाही, ते काम आमचं आणि डॉक्टरांचं. दुसरी गोष्ट हातांची. तिच्या आधीच्या विभागात ट्यूब ओढू नये म्हणून मनगटं पट्ट्यांनी बांधणं नेहमीचं होतं. माझ्याही जुन्या ठिकाणी पट्टी बांधायचो, कधी कधी नुसत्या बँडेजनं. इंग्लंडमध्ये हात बांधले असते तर चौकशी लागली असती. कापसाचे जाड हातमोजे घालतात, बोलत राहतात, औषध देतात. यात कुणी जास्त दयाळू आहे असं मला मुळीच वाटत नाही. हात मोकळे ठेवायचे तर शेजारी माणूस लागतो, आणि त्यांच्याकडे तो होता.

तिथल्या अभ्यासक्रमात खाटांचा एक तक्ता दाखवला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपची मोजणी: लाख लोकांमागे आयसीयूच्या खाटा जर्मनीत 29, पोर्तुगालमध्ये 4, सरासरी साडेअकरा, आणि ब्रिटन सातच्याही खाली. मला धक्का बसला. एवढा श्रीमंत देश आणि जर्मनीच्या पावपट खाटा? शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसता आकडा वाचू नका, त्या खाटेवर कोण झोपलंय ते विचारा. जिथे खाटा पुष्कळ, तिथे मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एक रात्र नजरेखाली ठेवायलाही माणूस आयसीयूत येतो. जिथे कमी, तिथे तो वॉर्डातच राहतो आणि फार बिघडला तरच वर येतो. म्हणजे दोन देशांच्या आयसीयूतले मृत्यू शेजारीशेजारी मांडून कोण बरं हे ठरवायला गेलं तर फसगत ठरलेली. (त्या डॉक्टरांना सगळे पहिल्या नावानं हाक मारायचे. मला ते नऊ वर्षांत नीट जमलेलं नाही.)

सगळ्यात जड गेलं ते थांबवणं. सत्तरीचे गृहस्थ होते, तीन आठवडे व्हेंटिलेटरवर, एकेक अवयव मिटत चाललेला. कन्सल्टंटनी घरच्यांना शांत खोलीत बसवलं. तासभर त्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली: ते कसे होते, त्यांना काय आवडलं असतं. शेवटी म्हणाल्या, "हा निर्णय आम्ही घेतोय. तुम्ही घेतलात असं कधीही मनाला लावून घेऊ नका." इंग्लंडच्या 2005 च्या कायद्यानुसार शुद्धीत नसलेल्या माणसाचं हित कशात आहे हे घरच्यांशी बोलून ठरवायची जबाबदारी बहुतेक वेळा डॉक्टरांवर असते. अमेरिकेत त्या जागी घरच्या प्रतिनिधीचा शब्द खूप वजनदार. मग मी मॉर्फिन सुरू केलं, खाटेजवळच्या मॉनिटरचा पडदा काळा केला म्हणजे कुणी आकड्यांकडे बघत बसू नये, आणि ट्यूब काढली. माझे हात थरथरत होते. चाळीस मिनिटांनी ते गेले. मुलगा माझे आभार मानून गेला आणि मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

रडले ते त्यांच्यासाठी कमी, माझ्या जुन्या रुग्णांसाठी जास्त. तिथे 'थांबवू या' हा शब्द कुणी उच्चारत नसे. त्याऐवजी 'डामा' असायचा: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. आशा संपलेली असायची, पैसा त्याच्या आधी संपलेला असायचा, घरचे सही करायचे आणि ट्यूबसकट माणूस अॅम्ब्युलन्समध्ये. वाटेत वॉर्डबॉय अंबू, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत राहायचा आणि घराच्या दारात दाबणं थांबवायचा. तो निर्णय त्या वॉर्डबॉयच्या हातात संपायचा. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इच्छापत्राचा आणि उपचार थांबवण्याचा मार्ग आखला, तो फार किचकट निघाला म्हणून 2023 मध्ये सोपा केला. मी तेव्हा तिथे नव्हते.

याच विषयावर आमच्याकडे काही काळ आलेल्या एका इस्रायली डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरत नाही. त्यांच्या 2005 च्या कायद्यात चालू व्हेंटिलेटर बंद करायला मनाई आहे, पण बंद पडलेला पुन्हा सुरू न करायला वाट ठेवलीय. म्हणून कायद्यातच व्हेंटिलेटरला टायमर लावायची तरतूद आहे, की उपचार अखंड न राहता टप्प्याटप्प्याचा होईल. मला आधी हसू आलं. मग वाटलं, प्रत्येक समाज हाताला कुठला स्पर्श नको हे आधी ठरवतो आणि मग त्याभोवती रस्ता बांधतो. आमचा रस्ता अॅम्ब्युलन्समधून जायचा, एवढंच.

मलावीला गेले तेव्हा मी स्वतःला चांगलीच तयार समजत होते. त्या रुग्णालयाच्या आयसीयूत व्हेंटिलेटरच्या चार खाटा होत्या. कोपऱ्यात प्लास्टिकखाली आणखी तीन व्हेंटिलेटर, देणगीतले. एकाला दाबाखालची हवा लागायची, ती भिंतीतून येत नव्हती. दुसऱ्याचा सुटा भाग मिळत नव्हता. तिसऱ्याला काय झालंय हे सांगणारं माणूसच नव्हतं. गरीब देशांतल्या वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासून 2011 मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात जवळजवळ 40 टक्के उपकरणं बंद निघाली होती. तो मी वाचला होता. तरी त्या प्लास्टिकवरची धूळ बघून जे वाटलं ते वेगळं.

माझं काम मुळात आयसीयूत नव्हतंच, वॉर्डात होतं. साठ रुग्ण, रात्रीला दोघी परिचारिका. प्रत्येक रुग्णासोबत घरचं एक माणूस. त्याला तिथे गार्डियन म्हणतात. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, लघवीचं भांडं, सगळं गार्डियनकडे. तो नसेल तर तो वॉर्ड एक दिवस चालणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझी जिरली. तापानं फणफणलेला एक तरुण, रक्तदाब 80 च्या खाली, हात गार. इंग्लंडमध्ये असा रुग्ण आला की सलाइन जोरात सुरू होतं, मी विचार न करता दुसरी बाटली टांगायला घेतली. तिथे एमबीबीएस डॉक्टर थोडे, बहुतेक काम क्लिनिकल ऑफिसर करतात, म्हणजे डॉक्टर नसलेले पण निदान आणि उपचार शिकलेले लोक. आमच्या वॉर्डातल्या क्लिनिकल ऑफिसरांनी माझा हात धरला नाही, पण बाटली धरली. "सिस्टर, हे पाणी फुप्फुसात उतरलं तर ते सांभाळायला तुमच्याकडे इथे काय आहे?" माझ्याकडे काही नव्हतं. मग त्यांनी शेजारच्या झांबियातला अभ्यास सांगितला, 2017 मध्ये छापून आलेला. जंतुसंसर्गानं रक्तदाब खालावलेले 212 रुग्ण, बहुतेक एचआयव्हीबाधित. निम्म्यांना श्रीमंत देशांच्या धर्तीवर लवकर आणि भरपूर सलाइन आणि रक्तदाब चढवणारं औषध, निम्म्यांना नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांत 33 टक्के दगावले, नव्या पद्धतीत 48. मुलांचं त्याच्याही आधी कळलं होतं: 2011 मध्ये युगांडा, केनिया, टांझानियातली 3,141 मुलं. झटपट सलाइन न दिलेल्यांत 48 तासांत 7.3 टक्के गेली, दिलेल्यांत साडेदहाच्या आसपास.

ज्या उपचाराला मी औषध समजत होते, तो खरं म्हणजे औषध अधिक व्हेंटिलेटर अधिक शेजारी बसलेली मी, असा तिघांचा जोड होता. त्यातला एकच तुकडा उचलून नेला होता.

त्यांनी मला नखाकडे बघायला शिकवलं. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरायचं, सोडायचं, रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का बघायचं. आम्हीही शाळेत शिकलो होतो आणि लॅक्टेटचं (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याचं) यंत्र आल्यावर विसरलो होतो. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत 2019 मध्ये या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या, तेव्हा नख लॅक्टेटपेक्षा कमी पडलं नाही. ऑक्सिमीटरवरही माझा आंधळा विश्वास होता, तोही तिथे ढिला झाला. काळ्या त्वचेवर तो जास्त आकडा दाखवू शकतो. 2020 च्या अमेरिकी अभ्यासात यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष 88 हून कमी, असं काळ्या रुग्णांत सुमारे 12 टक्के वेळा निघालं, गोऱ्यांत 4 हूनही कमी. धमनीतलं रक्त तपासायच्या पट्ट्या आमच्याकडे महिनोन् महिने नसायच्या. मग यंत्रावर 93 दिसलं तरी खाटेशी उभं राहून श्वास मोजायचा. साठ सेकंद.

एका रात्री विसाव्या वर्षातला एक मुलगा आला. साप चावलेला, पापण्या मिटलेल्या, गिळता येईना, छाती हलेना. ट्यूब घातली. चारही व्हेंटिलेटर भरलेले. दोन भाऊ गार्डियन होते. त्यांना अंबू दाखवला: दाब, सोड, मनात तीन मोज, दाब. छाती वर येतेय ना बघ. मोठ्यानं पोटावर हात ठेवून लय धरली. दर अर्ध्या तासाला अदलाबदल. मधे शेजारच्या खाटेचा गार्डियनही पाळी घ्यायला आला, कुणी न सांगता.

हे बघताना डेन्मार्कमधलं कोपनहेगन आठवल्याशिवाय राहत नाही. 1952 च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेले रुग्ण शेकड्यांनी, आणि शहराच्या साथरोग रुग्णालयात मोठा लोखंडी श्वासयंत्राचा डबा एकच. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं 27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनळीत ट्यूब घालून हातानं पिशवी दाबून दाखवली. त्यानंतर सुमारे 1,500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबल्या. आधी अशा दहातले आठ-नऊ जायचे, ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. पुढच्या वर्षी इब्सेननं वेगळा विभाग उघडला. आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याचा जन्म असा, यंत्र नव्हतं म्हणून.

भावांनी एकोणीस तास दाबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक व्हेंटिलेटर मोकळा झाला. का मोकळा झाला ते सांगायला नको. मुलगा पाचव्या दिवशी चालत गेला. हीच गोष्ट मी इंग्लंडमध्ये सांगते तेव्हा लोक हळवे होतात, म्हणून दुसरीही सांगते. त्याच महिन्यात वीज गेली. ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर, जे हवेतूनच ऑक्सिजन गाळून देतात, ते सगळे एका क्षणात गप्प झाले. जनरेटर उठेना. सिलिंडर होता, भरलेला होता, आणि त्याची चावी सापडेना. चावी माझ्या खिशात होती. मी राहत्या खोलीवर होते. फोन आला, धावले, बारा मिनिटं गेली. न्यूमोनियाची एक बाई तोवर गेली होती. ती तशीही वाचली नसती असं मला तीन जणांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सलाइनच्या नळीनं चावी सिलिंडरला बांधली.

2025 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेतल्या 22 देशांची पाहणी आली: 180 रुग्णालयं, जवळजवळ वीस हजार रुग्ण. दर आठातला एक अत्यवस्थ, आणि अशांतले दोन तृतीयांश साध्या वॉर्डात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ऑक्सिजन, सलाइन, श्वासमार्ग मोकळा ठेवणं असे अगदी साधे उपचारही पोचत नव्हते. मला आश्चर्य वाटलं नाही. खाट कुठे आहे यापेक्षा ती कुणाच्या नजरेत आहे हे मी तिथे रोज बघत होते. शेवटच्या तीन महिन्यांत आम्ही एवढंच केलं: ज्यांचा श्वास 30 च्या वर त्यांच्या खाटा दारापासून परिचारिकेच्या टेबलासमोर ओढल्या, आणि गार्डियनना मोजायला शिकवलं. वाढला की येऊन सांगा. ते येऊन सांगायचे, कधी कधी रात्री चारदा, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे.

परतल्यावर एका देणगी समितीनं विचारलं, काय पाठवू? त्यांच्या मनात व्हेंटिलेटर होते. मी यादी दिली: ऑक्सिमीटर आणि जादा प्रोब, सेकंदकाट्याची मनगटी घड्याळं, रक्तदाबाच्या यंत्राचे पट्टे, सिलिंडरच्या चाव्या, कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त करणाऱ्याचं प्रशिक्षण, आणि रात्रीच्या दोन जादा परिचारिकांचा वर्षाचा पगार. शेवटच्या ओळीवर काट मारून कागद परत आला. पगार हा दरवर्षीचा खर्च, तो नियमात बसत नाही.

बाकी सगळं पोचलं. गेल्या महिन्यात तिथल्या क्लिनिकल ऑफिसरांचा फोन आला तेव्हा मी सवयीनं विचारलं. ते म्हणाले, दोघीच.